फोटोग्राफी शिकताय? मराठवाड्यात राहून नाव आणि ओळखी कशा उभ्या करायच्या

शासकीय कला महाविद्यालयात शिका, विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात शिका किंवा गावातल्या स्टुडिओत उभं राहून शिका. कॅमेऱ्यावर हात बसला की पहिला प्रश्न एकच येतो, काम कोण देणार? बहुतेक जण मग इन्स्टाग्रामवर लिहून टाकतात: वेडिंग, प्री-वेडिंग, बेबी शूट, प्रॉडक्ट, ड्रोन, सर्व प्रकारची कामं केली जातील. ज्याला काम द्यायचं आहे, त्याला यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. तशी प्रोफाइल प्रत्येक तालुक्यात पन्नास असतात.

माझं ठाम मत असं की आपल्या भागातल्या विद्यार्थ्याचं नाव दोन गोष्टींनी होतं. एक, वर्षभर एकच विषय धरून केलेलं काम. दुसरी, काढलेला फोटो ज्याचा त्याला नेऊन देण्याची सवय. वेबसाइट, कार्ड, इन्स्टाग्राम ही सगळी त्यानंतरची साधनं. म्हणून सुरुवात विषयापासून करू.

आधी विषय धरा, तोही घराजवळचा

अजिंठा, वेरूळ, बीबी का मकबरा, दौलताबाद. संभाजीनगरच्या विद्यार्थ्याच्या पोर्टफोलिओत हे चार हमखास सापडतात. अजिंठा आणि वेरूळ १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. जगभरचे फोटोग्राफर तिथे येऊन गेलेत. तुम्हाला लेण्यांवरच काम करायचं असेल तर दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाला जमणार नाही ते करा, म्हणजे पुन्हा पुन्हा जा. कैलास लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपारनंतरचं ऊन त्याच्या दर्शनी भागावर येतं. पण ते आषाढात ढगांआडून कसं येतं आणि माघात कसं, हे जवळ राहणाऱ्यालाच कळणार. रॉबर्ट गिल नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी १८४० च्या दशकात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आला आणि वर्षानुवर्षं या भागात राहिला. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला, आणि १८६४ मध्ये त्याने काढलेले लेण्यांचे फोटो लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाले. आज अजिंठ्याच्या फोटोंचा इतिहास त्याच्यापासून सांगितला जातो, कारण तो तिथे थांबला. आपल्या काळातलं उदाहरण हवं असेल तर सुधारक ओलवे यांचं घ्या. मुंबईच्या सफाई कामगारांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

लेण्यांत काम करताना काही गोष्टी लक्षात असू द्या. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. चित्रं असलेल्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. ट्रायपॉड लावायचा किंवा व्यावसायिक शूट करायचं तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची लेखी परवानगी लागते. त्यांचं मंडळ कार्यालय संभाजीनगरातच आहे. गेटवर जाऊन चौकीदाराशी हुज्जत घालण्यापेक्षा आधी अर्ज करा. अर्जाची पोच असलेला विद्यार्थी त्या कार्यालयात ओळखीचा होतो, आणि ती ओळख पुढे कामाला येते.

लेण्या सोडल्या तरी विषयांना तोटा नाही. जालन्याचं बियाणं आणि लोखंड, लातूरच्या डाळमिल, वसमतची हळद, परभणीच्या कृषी विद्यापीठाचे प्रयोगाचे प्लॉट, नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातला होला मोहल्ला, पैठणचे माग, बीडमधून दसऱ्यानंतर कारखान्याकडे निघणारे ऊसतोडीचे कोयते, म्हणजे मजूर जोडपी. विषय निवडताना स्वतःला तीन गोष्टी विचारा. घरून निघून तासाभरात तिथे पोचता येतं का? वर्षभरात तिथलं दृश्य बदलतं का? आणि या विषयाशी जोडलेला कुणी पुढे कामाचे पैसे देऊ शकतो का? हळदीवर वर्षभर काम केलेला मुलगा शेतकरी उत्पादक कंपनीकडे पॅकिंगच्या फोटोंचं काम मागायला जातो, तेव्हा त्याला स्वतःची वेगळी ओळख सांगावी लागत नाही.

एक विषय जवळून पाहू. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्या असते, येळवस. शहरं ओस पडतात आणि सगळे शेतात जातात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, बांधतात, आत पांडवांचे दगड मांडून पूजा होते, मग भज्जी (अनेक भाज्या-शेंगांची एकत्र भाजी), बाजरीचे उंडे आणि आंबील. इथे विद्यार्थी काय करतो, तर पंगतीचा एक वाइड फोटो, एक हसरं पोर, आणि परत. तुम्ही आदल्या दिवशी मुक्कामाला जा. पहाटे चुलीवर भज्जीचं पातेलं चढतं तेव्हा स्वयंपाकघरात असा. अंधारात चुलीच्याच उजेडावर आयएसओ वाढवून काढा, फ्लॅश नको. कोप बांधताना कडब्याची पेंढी कोण देतं, कोण बांधतं, ते क्रमाने टिपा. आंबिलीचा माठ डोक्यावर घेऊन बांधावरून येणाऱ्या आजीच्या पुढे नव्हे, मागे चाला. समोर ज्वारी आणि मधून जाणारी ती वाट दिसेल. दुपारी सगळे जेवून सावलीला आडवे होतात, तो फोटो कुणीच काढत नाही. पुढच्या वर्षी त्याच शेतात जा. तिसऱ्या वर्षी तुमच्याकडे जे असेल ते दुसऱ्या कुणाकडे नसेल.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. बाहेरच्या लोकांच्या डोळ्यापुढचा मराठवाडा म्हणजे भेगाळलेली जमीन, रिकामे हंडे, टँकर. दुष्काळ खरा आहे, त्यावर काम जरूर करा. पण त्याच चौकटी पुन्हा काढून तुमचं नाव होणार नाही आणि आपल्या माणसांचंही भलं होणार नाही. ज्या घरात माणूस गेलाय तिथे कॅमेरा पिशवीत ठेवून आत जा. ऊसतोड कामगारांच्या कोपीवर गेलात तर मुकादमाची, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराची, परवानगी म्हणजे तिथल्या बाईची परवानगी नव्हे, तिला वेगळं विचारा. ती नको म्हणाली तर फोटो नाही. या बाबतीत घाई केलेल्या फोटोग्राफरचं नाव गावोगाव फिरतं, आणि ते पुसायला फार वेळ लागतो.

नाव एकच ठेवा

कामासाठी घ्याल ते नाव सगळीकडे सारखं हवं: इन्स्टाग्राम, ईमेल, बिल, फोटोखालचा उल्लेख. इंग्रजी स्पेलिंग एकदा ठरवा आणि बदलू नका. ‘क्लिक्स’, ‘मोमेंट्स’, ‘क्रिएशन्स’ असली जोडनावं टाळून स्वतःचं नाव आणि आडनाव वापरा, असं मी सांगेन. स्टुडिओ काढाल तेव्हा त्याला वेगळं नाव देता येईल. स्वतःच्या नावाचं डोमेन घेऊन ठेवा, खर्च थोडा असतो. गूगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते. तिथे आपला जिल्हा आणि नेमकं काम लिहा.

फोटोखाली मजकूर लिहायला शिका

आपल्याकडे हे शिकवलं जात नाही, आणि संपादक किंवा कंपनीवाला तुम्हाला गंभीरपणे घेतो की नाही ते इथेच ठरतं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या दरबाराचे फोटोग्राफर होते राजा दीनदयाळ. त्यांच्या फोटोंवर पेढीचं नाव आणि क्रमांक असायचा. म्हणून सव्वाशे वर्षांनंतरही कुठला फोटो कुणाचा, ते सांगता येतं. तुमच्या हार्ड डिस्कमध्ये ‘न्यू फोल्डर २’ असेल तर उद्या तुम्हालाच तो सापडणार नाही.

कोण, काय, कुठे, कधी, आणि एखादी अशी गोष्ट जी फोटोत दिसत नाही. एवढं दोन वाक्यांत बसवायचं. ‘माझ्या मातीतील माणसं’ हा फोटोखालचा मजकूर नव्हे. असा लिहा: ‘वेळ अमावस्येच्या दिवशी ज्वारीच्या उभ्या पिकात बांधलेल्या कोपीत पूजा करताना’, पुढे कुटुंबातल्या व्यक्तींची पूर्ण नावं, गाव, तालुका, जिल्हा, तारीख, ‘ही कोप दरवर्षी त्याच जागी बांधली जाते’, आणि छायाचित्र म्हणून तुमचं नाव. पैठणीचा फोटो असेल तर पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, ही गोष्ट ओळीत यायला हवी; शक्य असेल तर मागची बाजू दाखवणारा फोटोही हवा. नावं तिथल्या तिथे वहीत लिहा आणि त्या माणसाला वाचून दाखवा. ‘ळ’ आणि ‘ल’ चुकला तरी माणूस दुखावतो.

हाच मजकूर फाइलच्या मेटाडेटातही, म्हणजे फाइलच्या आत साठणाऱ्या माहितीतही, भरा. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नाव, फोन, ईमेल आणि कॉपीराइटची ओळ यांचं प्रीसेट बनवून ठेवलं की कार्ड उतरवतानाच ते प्रत्येक फाइलला लागतं. सोशल मीडियावर चढवताना ही माहिती बऱ्याचदा गळून पडते, पण ईमेलने पाठवलेल्या मूळ फाइलमध्ये ती राहते. वॉट्सॲपवर फोटो पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर त्याचा दर्जा उतरतो आणि समोरच्याला वाटतं तुमचा फोटोच कच्चा आहे.

पोर्टफोलिओ

पंधरा-वीस फोटो पुरेत. एकच पोर्टफोलिओ सगळ्यांना दाखवू नका; वाळूजच्या कारखानदाराला लग्नाचे फोटो बघण्यात रस नसतो. मुख्य विषयाचा एक, आणि ज्या कामातून पैसे हवेत त्याचा एक, असे दोन वेगळे ठेवा. पीडीएफ दहा एमबीच्या आत ठेवा, म्हणजे ती ईमेलने जाते आणि फोनवर उघडते. फाइल एसआरजीबी या कलर प्रोफाइलमध्ये काढा, नाहीतर दुसऱ्याच्या स्क्रीनवर चेहरे फिके दिसतील.

त्यासोबत आठ बाय बाराचे दहा प्रिंट मॅट कागदावर काढून घ्या. आपल्याकडच्या लॅब अल्बमच्या कामासाठी रंग भडक करतात, म्हणून ‘करेक्शन करू नका’ असं सांगून आधी एक प्रिंट तपासून घ्या. समोर बसलेला माणूस फोन चाळताना तिसऱ्या फोटोला थांबतो. प्रिंट मात्र हातात घेऊन शेवटपर्यंत बघतो.

निवड करताना दोघांना दाखवा: एक तुमचे शिक्षक, आणि एक त्या विषयातला माणूस, विणकर असो, आडत्या असो की शेतकरी. ‘हळद अशी वाळत घालत नाहीत’ असं तो म्हणाला तर तो फोटो कितीही देखणा असला तरी काढून टाका.

ओळखी: जिल्ह्यापासून सुरू करा

सगळ्यात जवळची शाळा म्हणजे लग्न. ज्याला लग्नाची फोटोग्राफी आयुष्यभर करायची नाही, त्यानेही दोन हंगाम एखाद्या चांगल्या सिनियरकडे असिस्टंट म्हणून काढावेत. घाईगर्दीत प्रकाश सांभाळणं, पाहुण्यांशी बोलणं, अक्षता पडायच्या क्षणी योग्य जागी असणं, हे दुसरीकडे इतकं लवकर शिकता येत नाही. हळद, सीमांतपूजन, नवरदेवाचं मारुतीच्या दर्शनाला निघणं, मंगलाष्टकं, पाठवणी, हा क्रम त्या त्या समाजात आणि गावात बदलतो. आदल्या दिवशी घरातल्या जाणत्या बाईला विचारून ठेवा.

असिस्टंटचे काही नियम आहेत आणि ते कुणी लिहून देत नाही. दुसऱ्याच्या कामावर असताना स्वतःचं कार्ड वाटायचं नाही. पार्टीने नंबर मागितला तर सिनियरचा द्यायचा. तिथले फोटो स्वतःच्या पेजवर टाकण्याआधी विचारायचं, आणि हो म्हणाले तर त्यांचं नाव लिहायचं. चार्ज केलेल्या बॅटऱ्या आणि रिकामी मेमरी कार्डं घेऊन ठरल्या वेळेआधी पोचायचं. एवढं पाळणाऱ्या पोराला सिनियर स्वतःहून दुसऱ्या फोटोग्राफरकडे पाठवतात, कारण लग्नसराईत एकाच तारखेला चार कामं येतात आणि विश्वासाची माणसं कमी असतात. तालुक्यातल्या फोटोग्राफर असोसिएशनचं सदस्यत्व घ्या. १९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाला कार्यक्रम असेल तर खुर्च्या लावण्यापासून मदत करा. जिल्ह्यातले लॅबवाले, अल्बमवाले, कॅमेरा दुरुस्तीवाले तिथे एकत्र भेटतात.

आता दुसरी सवय, फोटो नेऊन देण्याची. ज्याचा फोटो काढला त्याला महिन्याभरात एक प्रिंट द्या, स्वतः जाऊन. चार बाय सहाचा असला तरी चालेल. पैठणच्या विणकराला, मोंढ्यातल्या हमालाला, गुरुद्वाऱ्यातल्या सेवादाराला असा फोटो मिळाला की तो भिंतीवर लागतो, मागे तुमचं नाव आणि नंबर असतो, आणि त्या घरात येणारा प्रत्येक जण तो बघतो. दुसऱ्यांदा गेल्यावर तुम्हाला ‘या दादा, बसा’ म्हणतात आणि आतल्या खोलीपर्यंत जाता येतं. फुकट द्यायचं ते इथे. ज्याला तुमच्या फोटोतून धंदा करायचा आहे, त्याला ‘नाव होईल’ या बोलीवर फुकट काम करून देऊ नका.

वर्तमानपत्रांकडे जाताना जिल्हा कार्यालयात जा. लोकमत, सकाळ, दिव्य मराठी यांच्या पानांना तालुक्याचे वार्ताहर फोनवरून फोटो पाठवत असतात. पोळा, एकनाथ षष्ठी, अवकाळीने आडवं पडलेलं पीक यांचे चांगले फोटो, नीट मजकुरासह, त्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या आत देणारा मुलगा त्यांना हवाच असतो. मानधन फारसं नसेल, पण नावासह छापलेलं कात्रण पुढे फार ठिकाणी दार उघडतं. नावाशिवाय छापणार असतील तर आधीच बोलून घ्या.

उद्योगांकडे आपली मुलं बिचकतात, म्हणून तिथे स्पर्धा कमी आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या लघुउद्योजकांना मशीनचे, तयार मालाचे, शॉप फ्लोअरचे फोटो लागतात आणि बरेच जण फोनवर काढून काम भागवतात. मसिआसारख्या उद्योजक संघटनांचं प्रदर्शन लागलं की प्रत्येक स्टॉलवर जाऊन त्यांची माहितीपत्रकं गोळा करा. ज्याचे फोटो कमजोर आहेत तो तुमचा ग्राहक. आत शूट करताना सेफ्टी शूज आणि हेल्मेट घालूनच जा. कुठलं मशीन दाखवायचं नाही ते आधी विचारा.

संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो. स्वयंसेवक म्हणून नाव द्या. तिथे मुंबई-पुण्याचे छायालेखक, दिग्दर्शक, समीक्षक चहाच्या टेबलावर भेटतात. त्यांना पोर्टफोलिओ पुढे करू नका. त्यांच्या कामाबद्दल एक नेमका प्रश्न विचारा, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा महोत्सवातला एक चांगला फोटो पाठवा.

पहिला मेसेज कसा लिहायचा

‘हाय सर, काम असेल तर सांगा’ या मेसेजला उत्तर येत नाही. असा लिहून बघा:

‘नमस्कार सर. मी (नाव), वसमतचा. शासकीय कला महाविद्यालयात शिकतो. वर्षभर आमच्या भागात हळदीवर फोटो काढतोय: काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश आणि लिलाव. त्यातले बारा फोटो मजकुरासह या लिंकवर आहेत. तुमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात शेतातले प्रत्यक्ष फोटो दिसले नाहीत. पुढच्या मंगळवारी किंवा बुधवारी दहा मिनिटं दिलीत तर प्रिंट घेऊन दाखवायला येतो.’

तुम्ही कोण, काय केलंय, समोरच्याला त्याचा काय उपयोग आणि नेमकं काय हवंय, एवढं त्यात आलं. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, नवा फोटो जोडून. त्यानंतर दोन-तीन महिने थांबा. भेटलेल्या प्रत्येकाची नोंद एका शीटमध्ये ठेवा: नाव, काम, कुठे भेटले, काय बोलणं झालं, पुन्हा कधी बोलायचं.

जिल्ह्याबाहेरची दारं

नांदेड-परभणीच्या मुलांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ आहे, आणि २०१५ पासून तिथे इंडियन फोटो फेस्टिव्हल भरतो. देवगिरी एक्स्प्रेस पकडा आणि जा. प्रदर्शनं बघणं हेच मुळात शिक्षण आहे. जाणकारांना पोर्टफोलिओ दाखवायची सोय असेल तर आधी नाव नोंदवा. ग्रामीण विषयावर मजकुरासह काम झालं असेल तर पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या पारी या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळाशी संपर्क करा. तिथे मराठीतही वाचता येतं आणि विद्यार्थ्यांच्या कामालाही जागा असते. आधी त्यांचं मराठवाड्यावरचं पाच-सहा तरी काम वाचा, म्हणजे तेच पुन्हा पाठवणार नाही.

पैसा आणि कागद

कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलं पाहिजे. स्वतःहून काढलेल्या फोटोचे मालक तुम्ही. पण कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक काम देणारा ठरतो. म्हणून कोटेशनमध्येच लिहा: फोटो कशासाठी वापरायचे, किती काळ, आणि कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील. तोंडी ठरलं असेल तर त्याच दिवशी वॉट्सॲपवर लिहून ‘बरोबर आहे ना?’ असं विचारून होकार घ्या.

दर ठरवताना शूटचा दिवसच मोजू नका. एडिटिंगचे दिवस, प्रवास, भाड्याची लेन्स, हार्ड डिस्क, सगळं मांडा. तारीख पक्की करताना ॲडव्हान्स घ्या. कोटेशनमध्ये किती फोटो, किती दिवसांत आणि किती वेळा दुरुस्ती करून देणार, हे आलं पाहिजे. छोट्या व्यवसायाची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी सर्वसाधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की लागते. कंपनीने तुमच्या पैशातून टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापला तर त्याचं प्रमाणपत्र मागा; उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते.

वर्ष कसं आखायचं

ज्येष्ठात पैठणहून एकनाथांची पालखी निघते, तिथून सुरुवात करा. चातुर्मासात लग्नं नसतात आणि सिनियरकडे वेळ असतो, म्हणून पोर्टफोलिओ बांधणं, प्रिंट काढणं आणि कार्यालयांत जाऊन भेटणं या चार महिन्यांत उरका. श्रावण अमावस्येला पोळा, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. वर्तमानपत्रासाठी सरावाचे दिवस. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, त्याआधी असिस्टंटच्या तारखा वहीत आलेल्या असू द्या. मार्गशीर्षात येळवस, फाल्गुनात एकनाथ षष्ठी. आपल्या विषयासाठी महिन्याला दोन दिवस राखून ठेवा आणि त्या दिवशी कामाची सुपारी आली तरी घेऊ नका. उन्हाळ्याची लग्नसराई उरकली की मागच्या वर्षीचे पंधरा फोटो आणि यंदाचे पंधरा शेजारी मांडा, कमजोर ते काढा, नवी पीडीएफ करा आणि शीटमधल्या प्रत्येकाला पाठवा, नव्या दरपत्रकासह.